नारूचं वाहन

वडिलांच्या डाव्या घोट्यावर नारूची खूण आहे. लहानपणी तिथून दोऱ्यासारखा लांब जंत निघाला, घोटा आखडला आणि ते कायमचे लंगडे झाले. देवीच्या तळ्यात चपला घालून उतरलो म्हणून तिचा कोप झाला, हे ऐंशीला टेकले तरी त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

मी खोपोलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. सायक्लॉप्स नावाचा कणभर किडा पाण्याबरोबर पोटात गेला की त्याच्यातून नारू होतो, हे त्यांना कितीदा सांगितलं. "पुस्तकात देवी नाय लिहीत गं," एवढंच म्हणायचे. मला संताप यायचा. न केलेल्या गुन्ह्याचं ओझं माणसानं जन्मभर का वाहायचं? शेवटी ठरवलं, फोटोच काढून दाखवायचा.

नारू आता देशातून गेला, तो मिळणार नव्हता. पण सायक्लॉप्सच्या पोटात दुसऱ्या जंतांच्या अळ्याही वाढतात. तशी एक गाठायची. मोडीत निघालेला मायक्रोस्कोप दुरुस्त करून लोधिवलीला घरी आणला आणि त्याच्या भिंगावर मोबाइल बांधला. संध्याकाळी कामावरून येताना त्याच तळ्याचं पाणी डब्यात आणायचं, मोरीत ठेवायचं, सकाळी बघायचं. बारीकसारीक जीव थेंबात सैरावैरा पळायचे. सायक्लॉप्स मात्र औषधालाही नाही. पावसाळा सरला, तळं हिरवंगार झालं, तरी नाही.

एका रविवारी लवकर उठले, तर वडील मोरीत बसून माझ्या डब्यातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होते.

"बाबा, हे काय करताय?"

"घरात पानी आलं का गाळायचं. रोज गाळतो की. तुला कुठं येळ हाय?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! आधी ओरडले, मग हसूच आलं. नारूच्या काळात लागलेली सवय आमच्या घरातून कधी गेलीच नव्हती. फडकं उलटं करून बशीत खळबळलं, तर सायक्लॉप्सचे पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारायला लागले.

पण फोटो सोपा नव्हता. टिपकागदानं काचेखालचं पाणी ओढलं की किडा जागच्या जागी अडकतो. जरा जास्त ओढलं की चिरडतो. कितीतरी चिरडले. मीही हट्टाला पेटले होते, रोज फडकं उलटत राहिले. दिवाळीनंतर एकदाचा तो सापडला: कपाळावर एकच लाल डोळा आणि पोटात सावकाश वळवळणारी अळी. शिळफाट्याला जाऊन मोठा फोटो छापून आणला.

वडिलांनी तो उजेडात धरला. अळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो असाच आत गेला?"

"असाच. पाण्यातून. चपलांचा काही संबंध नाही."

"म्हंजे अनवानी गेलो असतो तरी?"

"तरी झालाच असता."

आता ते मोकळे होऊन हसतील असं मला वाटलं. ते लंगडत ओट्यावर जाऊन बसले. फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"माज्या पापापायी आयशीनं भात सोडला व्हता गं," ते म्हणाले. "देवीला नवस बोलली व्हती. आमाला आपल्या शेतातला भात वाढायची नि आपन नाचनीची भाकर खायची. ती मरताना मी दोन शितं तोंडाला लावली, तर ओठ मिटून घेतलं तिनं."