आडवा दुधी, उभं पातेलं

दुधी चिरायच्या आधी ती तो डोळ्यांसमोर आडवा धरायची, एक डोळा मिटायची आणि बोटांत हळूहळू फिरवायची. मग म्हणायची, "काकू, याच्यात किती मावतं, सांगता येतं बरं का." मी म्हणायची, सांग नंतर, आधी चीर. डबे साडेअकराला निघतात.

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. ती शहाडहून यायची, भाजी चिरायला. वय पंचेचाळिशीच्या पुढे. पिशवीत कायम एक वही, तिला तेलाचे डाग. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. काम करताना ओठ हलत असतात आणि आपल्याला वाटतं, जप चाललाय. मलाही तसंच वाटलेलं. एकदा नीट कान दिला, तर जप कसला, गणितातलं पाय आर वर्ग!

बारावीला तिला गणितात चांगले मार्क होते. पण लग्न ठरलं आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. मुलगी नोकरीला लागली तेव्हा हिने घरी बसून बी.एस्सी. करायला नाव घातलं. या वयात कशाला गं, मी विचारलं. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "बाकावर बसून झालं, काकू. आता मला फळ्यापाशी उभं राहून शिकवायचंय."

मी सातवी शिकलेली. बाकी जे आलं ते रद्दीतले कागद वाचून. पण तिने मला ते घनफळाचं गणित दुधीवर शिकवलं. दुधी कुठे फुगलेला, कुठे बारीक; सरळ मापता येत नाही. मग त्याच्या चकत्या करायच्या. एकेक चकती गोल, तिचं माप काढणं सोपं. सगळ्यांची बेरीज केली की झाला दुधी. चकती जितकी पातळ, तितकं उत्तर खरं. शेवटी म्हणे इतकी पातळ धरायची की जाडी उरतच नाही. मी म्हटलं, जाडीच नसेल तर गिऱ्हाइकाचं पोट कशाने भरणार? खूप हसली. पण त्या दिवसापासून आमच्याकडच्या काकडीच्या चकत्या अशा पातळ व्हायला लागल्या, की त्यातून पेपर वाचता यावा.

याच गणिताचा पेपर तिचा परीक्षेत दोनदा गेला. पहिल्यांदा घाबरून. दुसऱ्यांदा मात्र तिला सगळं येत होतं, तरी गेला.  मग एकदा मेथी निवडताना स्वतःच म्हणाली, "त्यांनी आकृती उभ्या दांडीभोवती, म्हणजे अक्षाभोवती, फिरवायला सांगितलेली. मी आडव्या दांडीभोवती फिरवली."

मला कळेना. तिने दुधी उचलून दाखवला. वर्षानुवर्षं पाटावर आडवी भाजी चिरणारी बाई. कागदावरची आकृतीही तिने सवयीने आडवीच फिरवली होती. चकत्या बरोबर, बेरीज बरोबर, वस्तूच वेगळी. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर नाव कमी होणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी उठले, आमटीचं मोठ्या पोटाचं पातेलं तिच्यासमोर आणून ठेवलं. म्हटलं, "हे कर आता. हे आडवं करता येत नाही, आमटी सांडेल."

तिने पातेल्याच्या पोटावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दोरा घेऊन आली. दर चार बोटांवर पातेल्याला वेढा घालायचा, मोजायचं, वहीत लिहायचं. आमटी जशी चढत जाते तशा चकत्या एकावर एक, खालून वर. तिने उत्तर काढलं एकतीस लिटर. मी मापाने पाणी ओतलं. एक तांब्या कमी मावला. "तो तुमच्या पातेल्याच्या पोच्यांचा," म्हणाली. मग महिनाभर हंडा, कळशी, बरणी, जे उभं दिसेल त्याला दोरा. पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणायच्या, ताई, आमच्याजवळ येऊ नका, आमचीही मापं घ्याल.

परीक्षा ठाण्याला होती आणि त्याच दिवशी माझ्याकडे साखरपुड्याची दोनशे पानांची ऑर्डर. तारीख कळल्यावर माझं तोंड उतरलं, हे कबूल करते. ती म्हणाली, सहाला येते, नऊपर्यंत चिरून देते, मग जाते. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात तिची बोटं दिसली. भाजीच्या चिकाने काळी पडलेली, तरी पाटावर आकृती काढत होती. म्हटलं, "तू इकडे फिरकू नकोस. विळीवर मी बसते." बारा वर्षांनी बसले. दोन बोटं कापली आणि भोपळ्याच्या फोडी एकीसारखी दुसरी नाही. नवऱ्यामुलाच्या मावशीने टोमणा मारलाच.

ती पास झाली. पुढची वर्षंही एकेक करून ओढली, भाजी चिरतच. डिग्री हातात आली आणि विठ्ठलवाडीच्या एका क्लासमध्ये तिला शिकवायला घेतलं. तासांची वेळ सकाळी सात ते दहा. म्हणजे माझ्याकडचं काम सुटलंच. जाताना पाया पडायला वाकली, तर मीच रागावले. आता मला चांगली चिरणारी कोण मिळणार, हा तो राग.

गेल्या महिन्यात डबा घेऊन गेले तिच्या क्लासवर. तास चालू होता. बाहेर चपलांच्या ढिगाजवळ एक स्टूल होतं, तिथे टेकले. दार अर्धं उघडं. फळ्यावर एका मुलीचं उदाहरण चुकलं होतं आणि ती घाईघाईने डस्टर शोधत होती. आमची बाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पुसू नकोस," म्हणाली. "राहू दे तिथेच. त्याच्याखाली परत मांड."

तिने मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. दहा वाजायला अजून पाऊण तास होता. डबा मांडीवर घेऊन मी बसून राहिले.