शेवटचं गाव आधी

भूगावच्या गोदामात माल भरून घेणारे मामा यादीला कधी हातच लावत नाहीत. गाडीची गावं त्यांना पाठ, तीही उलटी: ताम्हिणी, माले, पौड, पिरंगुट. शेवटी उतरायचा माल आधी चढवायचा.

मी परभणीचा, नववीत शाळा सोडलेला. कामाच्या दुसऱ्याच आठवड्यात पिरंगुटची खोकी मी सगळ्यात आत रचली.

"पयल्याच गावाला आख्खी गाडी रस्त्यावर रिकामी करनार व्हय रं, परभणी?" मामा ओरडले आणि माझ्याबरोबर स्वतःच खोकी उतरवायला लागले.

गाडी तासभर उशिरा निघाली. साहेब विचारायला आले, तेव्हा आपली नोकरी गेली असंच मी धरून चाललो.

"यादी मीच चुकीची वाचली, सायेब," मामा म्हणाले.

यादी माझ्याच खिशात होती.