बाकाच्या पाठीवरचं नाव

पप्पांचं वाळूजला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, कुणाच्या गच्चीवरचे पत्रे, असं जे येईल ते काम. सरकारी कामंही त्यांनी खूप केली, पण सगळी एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. शहरातल्या एका उद्यानाचं गेट पप्पांच्या हातचं आहे. तिथून जाताना ते स्कूटी हळू करतात, गेटवरची त्या ठेकेदाराची पाटी वाचतात आणि पुढे जातात. माझ्या लहानपणापासून ती पाटी बदललेली नाही, तरी वाचतात.

म्हणून तासाभरावरच्या एका गावच्या नगरपरिषदेने नव्या उद्यानासाठी लोखंडी बाकांचं टेंडर काढलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "हे आपल्या नावानं भरायचं." गाव कुठलं ते मी सांगत नाही. पप्पांना तिथं पुढेही जायचंय.

टेंडर भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. आमच्या घरात असा समज आहे की अशा मुलीला इंग्रजीतलं काहीही कळतं, मग ते औषधाच्या बाटलीवर असो, वॉशिंग मशीनवर असो की सरकारी पोर्टलवर. मला पोर्टल कळत नव्हतं. पण कळत नाही हे सगळ्यांना समजावून सांगायला जितकं बोलावं लागलं असतं, त्यापेक्षा टेंडर भरून टाकणं सोपं होतं.

आमचा दर सगळ्यात कमी निघाला. पप्पांनी आईला पेढे आणायला पाठवलं आणि ती कोपऱ्यापर्यंत पोचली नाही तोच परत बोलावलं, कारण सॅम्पल पास व्हायचं होतं. एक बाक नमुना म्हणून करून द्यायचा, तो नगरपरिषदेच्या सभेने बघून मंजूर करायचा आणि मगच कामाची ऑर्डर.

तो एक बाक पप्पांनी असा केला की शेडमधली बाकीची कामं तोंड पाडून बसली. वेल्डिंगचा एक खडबडीत थेंब कुठे राहू दिला नाही. रंग गडद हिरवा. पाठीला एक रुंद पत्रा आणि त्यावर, टेकायच्या बाजूला, पेंटरकडून लिहून घेतलं, 'मा. ............ यांच्या प्रयत्नातून'. टेंडरची अटच तशी होती. त्या गावात बरीच वर्षं प्रशासक होता. आता निवडणूक होऊन नवे नगरसेवक आले होते आणि प्रत्येकाला आपलं नाव लवकरात लवकर कुठंतरी रंगवलेलं बघायचं होतं. उद्यान एकच होतं, पण बाक सगळ्यांनी आपसांत वाटून घेतले होते.

सभा मात्र पुढे पुढे जात राहिली. सॅम्पल नगरपरिषदेच्या व्हरांड्यात ठेवलेलं, आणि त्या व्हरांड्यात याआधी बसायला काहीच नव्हतं. जन्माचे दाखले, नळाचं कनेक्शन, घरपट्टीची तक्रार, अशा कामांना आलेली सगळी माणसं आमच्या सॅम्पलवर. पप्पा मला घेऊन अधूनमधून बाक बघायला जायचे, आजारी माणसाला बघायला जावं तसे. तो रिकामा कधी सापडलाच नाही. एकदा एक आजी पिशवी मांडीवर घेऊन मधोमध बसल्या होत्या. पप्पांच्या हातात फडकं होतं.

"आजी, जरा उठता का? पुसायचंय."

"पुस की बाजूबाजूनं. मी कुठं हालायलेय?"

"सॅम्पल आहे ते."

"कुणाचं?"

"माझं."

"मंग घरी कामून नाय ठेवलं?"

पप्पांनी आजींच्या बाजूबाजूनं पुसलं. पाठीवरच्या रिकाम्या टिंबांवर कुणीतरी खडूने स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं, तेही पुसलं.

शेवटी सभा ठरली. ठेकेदाराला सभागृहात एरवी कुणी बोलवत नाही, पण सॅम्पलबद्दल काही विचारलं तर सांगायला हवं म्हणून पप्पांना दाराशी थांबायला सांगितलं, आणि पप्पांनी मला शेजारी उभं केलं. काही इंग्लिश निघालं तर, म्हणाले. बाक आत आणून सभागृहाच्या मधोमध ठेवला. सगळे भोवती जमले. रंग चांगला, मजबूत दिसतो, असं चाललं होतं. पप्पा पायाचे अंगठे बुटांत हलवत होते, ते मला बुटाच्या कातड्यावरून दिसत होतं.

मग एक चांगले धिप्पाड नगरसेवक बसून बघावं म्हणून बाकावर बसले आणि आरामात मागे टेकले.

"आवो," समोरून कुणीतरी म्हणालं, "नावच गेलं की."

खरंच गेलं होतं. त्यांच्या पाठीआड सगळा पत्रा नाहीसा झाला होता.

"दादा, तुमचं सोडा, तुम्ही बसला की भिंत बी जाईल," दुसरे म्हणाले. "बारीक माणूस बसवा."

बारीक माणूस बसवला. 'मा.' तेवढं दिसायला लागलं.

"म्हंजी आमी पाच वर्षं नुसतं मा. म्हणून ऱ्हायचं का?"

यानंतर चर्चा जी सुरू झाली, ती पाण्याच्या विषयावरही झाली नसेल. एकांनी सांगितलं, पाठ उंच करा आणि नाव डोक्याच्या वर घ्या. त्यावर एक नगरसेविका शांतपणे म्हणाल्या, "वर नाव अन् खाली माणूस बसलेला. येणाऱ्याला वाटंल ह्योच वारला. हार तेवढा घालायचा ऱ्हाईल." ते बारगळलं. मग कुणी म्हणालं, बसायच्या पट्ट्यांवर लिहा, तिथं जागा भरपूर आहे. खिडकीजवळचे एक वयस्क नगरसेवक म्हणाले, "क्या बात करते मियां, नाम पे बैठेंगे क्या लोगां?" तेही बारगळलं. एकांनी सुचवलं की लोकांना टेकू नये अशी सूचना लावावी.

नगराध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "विषय मोठा हाय. पुढच्या सभेत घेऊ," त्या म्हणाल्या.

पप्पांचे अंगठे थांबले. पुढची सभा कधी, हे त्या इमारतीत कुणीच सांगू शकत नव्हतं. तोवर टेंडरची मुदत संपली असती, सगळं पहिल्यापासून निघालं असतं, आणि या वेळी निवांत बसलेला तो मोठा ठेकेदार पुढच्या वेळी नक्की उतरला असता. पप्पा परत त्याच्या हाताखाली हेच बाक करत बसले असते. स्कूटी हळू केल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

मी शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. कॉलेजात हजेरी सोडून माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. पण गर्दीत सरकत सरकत मी बाकाच्या मागच्या बाजूला पोचले होते, आणि माझ्यासमोर कोरा हिरवा पत्रा होता.

"मागून लिहिलं तर?" मी म्हणाले.

"कोण बोललं?" नगराध्यक्षांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाकाकडेच बघत राहिले. "मागच्या बाजूला. तिकडून कुणी टेकत नाही."

मग धिप्पाड नगरसेवक उठून मागे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी कोऱ्या पत्र्यावरून हात फिरवला. "पोरगी बराबर बोलली. माणूस बसला काय, झोपला काय, नाव तसंच."

मंजूर, मंजूर, असा आवाज झाला. आता ठरावाला सूचक आणि अनुमोदक हवे होते, तर सूचक व्हायला सगळेच तयार आणि अनुमोदक व्हायला कुणीच नाही. त्या भांडणात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात आणखी एक उद्यान मंजूर झालं असतं. पप्पा तेव्हा बाहेर व्हरांड्यात जाऊन आईला फोन करत होते. पेढे, एवढाच शब्द मला ऐकू आला.

बाक झाले, टेम्पोत चढले, उद्यानात पोचले. चालायची वाट कंपाउंडच्या भिंतीच्या कडेकडेनं जाते, बाक वाट आणि भिंत यांच्या मधे, आणि त्यांची पाठ भिंतीकडे, तोंड झाडांकडे, असं नकाशातच होतं. पप्पांची माणसं पहिला बाक तसा ठेवून बोल्ट आवळायला लागली, तेवढ्यात धिप्पाड नगरसेवक मोटरसायकलवरून आले. त्यांनी बाकाला एक चक्कर मारली. मागे जाऊन, पोट आत घेऊन, भिंत आणि बाक यांच्या मधे शिरून आपलं नाव वाचलं.

"हे काय? नाव भिंतीला वाचायला लावता का?"

"साहेब, नकाशात..." पप्पा म्हणाले.

"फिरवा."

"फिरवला तर बसणाऱ्याला भिंतच दिसंल, साहेब."

"दिसू द्या की. झाडं काय त्यानं पाहिली नाय का?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताईचीच आयडिया हाय. इचारा त्यांना."

माझं जे काय बोलायचं होतं ते त्या सभेतच बोलून झालं होतं.

सगळे बाक फिरवले. आता त्या उद्यानात गेलं की हिरव्या पाठींची रांग दिसते, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत एक नाव, आणि त्यांच्या वर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसांची डोकी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांना शिक्षा झालीय. व्हरांड्यातल्या त्या आजीही मला तिथं दिसल्या. पिशवी मांडीवर, मधोमध.

"समोर भिंत आहे, आजी," मी म्हणाले. मला ते म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

"बरंय की. गावात बसलं की धा जण इचारतेत कुठं चाललीस. ही काय इचारत नाय."

पप्पा शेवटच्या बाकाशी होते. सरकारी कामाला ठेकेदाराची छोटी पाटी लावावी लागते, ती, या वेळी स्वतःच्या नावाची, त्यांनी पुढच्या बाजूला, पट्ट्यांच्या खाली, पायाला बसवली होती. पुढच्या बाजूला म्हणजे भिंतीच्या बाजूला. वाकून बघितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशी. पप्पांनी वाकून ती बाहीने पुसली. मग बाकावर बसले, मागे टेकले, आणि मला बोलावलं.

मी जाऊन शेजारी बसले. समोर हातभर अंतरावर भिंत होती, तिचा गिलावा एके ठिकाणी फुगला होता. पप्पा तिच्याकडे असे बघत होते जसं समोर जायकवाडीचं पाणी पसरलंय.