आसूढाळ घोडी

माळेगावच्या जत्रेतून मी घोडी आणली तेव्हा घनसावंगीला जीपा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ज्याच्या हाती चार पैसे आले तो फटफटीच्या गोष्टी करायचा. मी घोडी आणली. पांढरीशुभ्र, उंच, कानांची टोकं एकमेकाला टेकलेली. फक्त डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा. त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी ज्याच्या दारी, त्याच्या घरात रडारड, असं लोक मानतात. म्हणून जत्रेत तिला गिऱ्हाईक नव्हतं. मी भोवरा चांगला पाहिला आणि पाहूनच घेतली.

थोरले भाऊ ओट्यावरूनच ओरडले, "आरं, दुनियेनं टाकलेलं तुलाच बरं गावलं!"

"दादा, तुमच्या दावणीला न्हाई बांधत. माझ्या गोठ्यात बांधतो."

रोज सकाळी तिला वरातीचा नाच शिकवायला गोदावरीच्या वाळूत न्यायचो. सोबत माझा एक दोस्त, हलगी वाजवणारा. पहिल्यांदा तिनं ठेक्यावर पाय उचलला त्या दिवशी मी वाळूत बसून लहान पोरासारखा हसलो. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. चारचौघांत बोलायला अवघडायचो. तिच्यावर बसून गावात शिरलो की मान आपोआप ताठ व्हायची.

पण नवरदेवासाठी तिला कोणी मागेना.

"भोवऱ्यावर गोंडा सोड की," दोस्त म्हणाला. "कोन पाह्यतं?"

"तोंड झाकायला ती काय चोर हाय?"

मंग वाटूरच्या बहिणीचा निरोप आला. तिचा नवरा तरणाताठा गेल्ता. एकुलतं पोरगं तिनं लोकांच्या शेतात राबून वाढवलं. आता त्याचं लग्न होतं. निरोप एवढाच, "भाचा तुझ्याच घोडीवर बसंल."

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोडीवर बसला. मांडवाकडं निघणार, तेवढ्यात नवरीचे मामा जवळ आले आणि त्यांची नजर भोवऱ्यावर गेली.

"थांबवा! ही तं आसूढाळ हाय! आमच्या पोरीच्या दारी ही न्हाई यायची."

हलगी बंद. कोणी म्हणालं जीप बोलवा. दादा माझ्या कानाशी आले, "गोंडा सोड आन् मोकळा हो. भाच्याच्या लग्नात तरी हेका धरू नको."

"न्यायची तं अशीच न्या. न्हाईतर मी चाललो घोडी घेऊन."

बोललो खरं, पण लगाम धरून तिथंच उभा राहिलो. भाचा आज खाली उतरला असता, तर पुढं कोणीच माझ्या घोडीवर नवरदेव बसवला नसता.

बहीण पार मागं, बायकांच्याही मागं उभी होती. विधवेनं नवरदेवाच्या पुढं यायचं नाही, अशी रीत. ती गर्दी सारत थेट मामांच्या समोर आली.

"मामा, मला बी लोकं अपशकुनीच म्हणत्यात. ह्या पोराला म्याच वाढवलं. मंग मला बी गोंडा बांधता का?"

"विहीणबाई, तसं न्हाई..."

"मंग कसं?"

भाचा वरून म्हणाला, "आये, म्या बिलकुल उतरत न्हाई. तू चल पुढं."

बहिणीनं माझ्यापुढं हात केला. "दे लगाम."

तो लगाम मी कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. दिला. मामा बाजूला सरले, आणि दोस्तानं हलगीवर अशी थाप मारली की पारावरची कबुतरं उडाली. घोडी मान वाकवून नाचायला लागली. पुढं माझी बहीण, डोक्यावर पदर, भर रस्त्याच्या मधून, कोणाकडं न पाहता. मी रिकाम्या हातानं मागून चाललो होतो आणि वाटेत भेटंल त्याला सांगत होतो, "घोडी माझी हाय. आन् ती बहीण बी माझीच."