त्या दिवसांत आकाश शांत होतं

माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात आमची मुलगी तिच्याशी एकदाही बोलली नाही, हे खरं आहे. मुलीला बोलायचं नव्हतं, हे खोटं आहे. भिलाईला लागून असलेल्या कुरुदच्या आमच्या घरापासून भिलाई-तीनच्या रेल्वे क्वार्टरांपर्यंत सगळ्या नात्यात हे खोटं फिरत राहिलं आणि मी ते फिरू दिलं. आता खरं काय ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो आहे.

मुलगी तेव्हा अंटार्क्टिकाच्या बर्फावर होती. सूर्यामुळे ध्रुवाजवळच्या अगदी वरच्या हवेत काय उलथापालथ होते, ते मोजायचं तिचं काम. तिथला उन्हाळा संपला, म्हणजे आपल्याकडची थंडी ओसरली, की जहाज परततं आणि मागे राहिलेली माणसं हिवाळाभर तिथेच अडकतात. कोणी आजारी पडो, कोणाच्या घरी काही होवो, पुढचं जहाज येईपर्यंत सुटका नाही.

जाण्याआधी तिने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसवून हे काम समजावलं होतं. मी पोलाद कारखान्यात लोखंड वितळवायच्या धमनभट्टीवर जन्म काढलेला माणूस, म्हणून तिने भंगार उचलणाऱ्या चुंबकाच्या क्रेनपासून सुरुवात केली. सूर्यातून सतत एक वारा सुटलेला असतो, म्हणाली. आपल्यासारखा हवेचा नाही, वीज भरलेल्या बारीक कणांचा. पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक, त्यामुळे तो वारा बराचसा बाजूने वळून निघून जातो. पण चुंबकाच्या रेषा ध्रुवांपाशी खाली उतरतात. त्या वाटेने काही कण वरच्या हवेत घुसतात, तिथल्या ऑक्सिजनवर, नायट्रोजनवर आपटतात आणि आकाशात हिरव्या, लाल उजेडाचे पडदे हलायला लागतात. वाऱ्याचा जोर वाढला की ती वरची हवा तापते, फुगते, उपग्रहांना अडवायला लागते. रेडिओ मुका होतो. उपग्रहावरून येणारा फोनही तुटतो.

"म्हंजे साऱ्या दुनियेचे दरवाजे बंद," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "अन् जो एक उघडा हाये, तिथंच जाऊन बसून राहिली माही पोरगी!"

"आई, इसीलिए तो जाऊन राहिली ना."

"जाय बाई. पण फोन करत जाय."

जहाज परतलं आणि त्यानंतर बायकोचं दुखणं कळलं. पोटात गाठ होती, वाढलेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काळ नाही. बायकोला मी काहीच सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरीले सांगा."

मी म्हटलं, "सांगतो."

इथे कारखान्यातल्या आमच्या पाळीतली एक रीत सांगायला हवी. भट्टीचं तोंड उघडून लोखंड वाहतं केलं असताना कोणाच्या घरून वाईट बातमी आली, तर ती आम्ही त्याला सांगत नसू. फोन मीच घ्यायचो, कारण पाळी माझ्या हाताखाली होती. उकळत्या लोखंडाच्या पाटाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष उडालं तर तो जळतो, दुसऱ्यालाही जाळतो. पाळी संपली, अंगावरचा जाड कोट उतरला, की मग त्याला चहा पाजायचा, बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. एकाचे वडील गेल्याची बातमी मी अशीच दाबून ठेवली होती. नंतर तो माझ्या गळ्यात पडून रडला, म्हणाला, "भाऊ, तुमी बरं केलं." मला वाटलं, मला हे जमतं.

मुलगी ड्यूटीवर आहे, असं मी धरलं. बाहेर उणे चाळीस, वर अंधार, यायची सोय नाही. सांगून काय, ती तिथे वेडी होईल. जहाज आलं की सांगू. जहाज येईपर्यंत तिची आई राहणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी हाच हिशेब मनाशी घोकत राहिलो.

अडचण बायकोची होती. तिचा आवाज पार खोल गेला होता. एक वाक्य बोलली असती तरी पोरीने ओळखलं असतं.

मे महिन्यात एक खरं वादळ आलं. मुलीचा फोन चालू असतानाच खरखर झाली, तिचा आवाज तुटत तुटत गेला आणि दीड-दोन दिवस काहीच लागलं नाही. मी बायकोला सांगितलं, सूर्याच्या वाऱ्याने फोन बंद पाडलाय. तिने लगेच विश्वास ठेवला. पोरीनेच तर शिकवलं होतं.

वादळ ओसरलं. रविवारी फोन वाजला. मी तो घेऊन व्हरांड्यात गेलो आणि मागे दार लोटून घेतलं.

"बाबा, आई कुठं आहे?"

"झोपली."

"आत्ता? दुपारी?"

"इथं ऊन कसं तपून राहिलं, तुले काय मालूम. झोपू दे."

आत आलो तर बायको उशीला टेकून बसली होती. "कोनाचा होता?"

"दुकानवाल्याचा," मी म्हटलं.

त्यानंतर ती रोज सकाळी एकच विचारायची. "वारा थांबला का?" आणि मी नाही म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "इतके दिस कसा चालते हा वारा?" तेव्हा मी मुलीकडून शिकलेलं सगळं वापरलं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्या अंगावर जिथून जोरात वारा सुटतो ती जागा महिन्याभराने पुन्हा आपल्यासमोर येते, म्हणून वादळही फिरून येतं. ते खरंच तसं असतं. मधले कितीतरी दिवस मोकळे असतात, एवढंच मी गाळलं. खोट्याला इतकं पक्कं शास्त्र मिळालं की तिला बिचारीला शंका घ्यायला जागाच उरली नाही. ती खिडकीतून बाहेरच्या कडक उन्हाकडे बघायची आणि म्हणायची, "सूर्याले दया नाही गा."

तिचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता. नात्यात मुलीचा तिथला नंबर कोणाकडे नव्हता आणि ती घराशिवाय कुठे फोन करत नसे. दर रविवारी नवीन कारण. आई मामीकडे गेली. आईच्या दाढेत दुखतंय. एका रविवारी मुलगी हसून म्हणाली, "नाराज आहे का माझ्यावर?" मी म्हटलं, "असंल थोडीशी." हे का बोललो ते मला आजही सांगता येत नाही.

पावसाळ्यात बायको गेली. मुलीला मी त्याच दिवशी कळवलं, पण म्हणालो हार्ट अटॅक, एकाएकी.

आम्हा बौद्धांच्या रीतीप्रमाणे, गेलेल्या माणसासाठी करतात त्या पुण्यानुमोदनाला नातेवाईक जमले. वंदना झाली, जेवणं झाली, आणि बायकोचा भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. रेल्वेतला सरळ माणूस. "भाऊजी, पोरगी शेवटी बोलली का माह्या बहिनीशी?"

मी वादळाचं सांगितलं.

तो ऐकून घेत म्हणाला, "इतके महिने कोनतं वादळ राहते भाऊजी? फोन उचलत नाही म्हना ना सीधं. पोरीले कायले झाकता?"

मी मान खाली घातली. तेवढ्याचा अर्थ त्याने हो असा घेतला. मी घेऊ दिला. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या मुलीच्या मामीने, ती गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत सगळीकडे पोचवली.

मुलगी परतली ती वर्षश्राद्धाच्या थोडं आधी. आमच्यात त्याला पुण्यस्मरण म्हणतात. वाळून गेली होती. पुण्यस्मरणाच्या दिवशी ती पंगतीत वाढत होती आणि मामीला राहवलं नाही.

"आता वाढून काय फायदा वो बाई? माय महिनोन्‌महिने तुह्या नावानं झुरली, तवा एक फोन नाही झाला तुले."

मुलगी थांबली. "महिने? मामी, आई तर एका दिवसात गेली ना."

"एका दिवसात? हड्डी राहिली होती नुसती!"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. साळा म्हणाला, "भाऊजी, काय हाये हे?"

मी उभा राहिलो आणि सांगितलं. नीट नाही सांगता आलं. आधी वादळाचं, मग गाठीचं, मग फोन कपाटात ठेवल्याचं, असं उलटसुलट. पाळीची रीतही सांगायला लागलो तेव्हा साळा ओरडला, "भट्टी होती का वो ती? माय होती तिची!"

मुलगी ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, मे में दो दिन वादळ होतं, बस. नंतर सारा हिवाळा आकाश असं शांत होतं की आम्ही बोअर झालो होतो. मी फोनजवळ बसून राहायची. मले वाटे, आई नाराज आहे."

मग तिने विचारलं, "काय म्हणत होती ती? मले सांगायला काही तरी म्हणाली असेल ना."

म्हणाली होती. कितीतरी वेळा. "तिले म्हना," असं सुरू करायची. आणि पुढचं ऐकायची माझ्यात हिंमत नसायची. "फोन लागला की तूच बोल," म्हणून मी खोलीतून निघून जायचो. प्रत्येक वेळी. एकदाही पूर्ण ऐकलं नाही. हे मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. मामी तोंडाला पदर लावून आत गेली.

मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. माझ्याशी जास्त बोलत नाही, पण कधी कधी फोन येतो आणि विचारते, "काही आठवलं का, बाबा?" मी दिवसदिवस त्या खोलीत बसून आठवायचा प्रयत्न करतो. एखादं वाक्य सहज रचून देता येईल. आई जपून राहा म्हणाली, तुझा अभिमान आहे म्हणाली. तिला किती बरं वाटेल. गेल्या आठवड्यात तर ते जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही आठवलं."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तरी तिने फोन ठेवला नाही.