चार पट्ट्यांखालचे पोट

बारामतीच्या रुग्णालयात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढली. पोटावर चार लहान पट्ट्या तेवढ्या दिसत होत्या. आमच्या कळस गावची रीत अशी, की भेटायला आलेला माणूस आधी पांघरूण उचलून टाके पाहतो आणि मगच खुशाली विचारतो. तिसऱ्या दिवशी आलेल्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, तेच केले. नंतर सदरा वर करून त्यांनी स्वतःचा बेंबीखालपर्यंत गेलेला जुना व्रण दाखवला.

“ह्याला आपरेशन म्हणत्यात, गड्या. तुला तर डास चावल्यात.”

आबा पोट धरून हसले. मी औषधे आणायला खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचे पोट फुगले, ताप चढला, उलटी झाली. घोट-घोट पाण्याशिवाय काही दिले का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले.  तात्या हळूच म्हणाले, “दुधात भाकरी कुस्करली व्हती. पोट फाडलंच न्हाय, म्हनलं खाऊ दे.”

बाई रागावल्या नाहीत. भोके लहान असली की शरीराचा दाह कमी राहतो, हे खरे. पण आतले आतडे कापून जोडलेलेच असते, असे त्यांनी समजावले. दाहाबरोबर रक्तातले एक प्रथिन वाढते आणि सारे ठीक असेल तर तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागते. कालच्यापेक्षा ते आज वाढले असेल, तर सांधा गळत असल्याची शंका. मग पोट उघडावे लागेल.

इंदापूरच्या शाळेत मी दरवर्षी फळ्यावर पचनसंस्था काढतो. आतड्याची रेघ मी नेहमी एका दमात, अखंड ओढतो. त्या सकाळी मला ती मध्येच तुटलेली दिसू लागली. आबांच्या नाकातून नळी घातली होती. त्यांना बोलणे जड जात होते, म्हणून त्यांनी माझे मनगट धरले. रक्त तपासायला गेले. तात्या एकदाही बसले नाहीत.

आकडा उतरला होता. आतडे सुस्तावले आहे, सांधा बहुधा शाबूत आहे. आज उघडायचे नाही, लक्ष मात्र ठेवायचे, असे बाई म्हणाल्या. आबांची पकड सैल झाली.

दुपारी गावाकडचे दोघे आले. एकाचा हात पांघरुणाकडे गेला. तात्यांनी तो धरला.

“वरनं काय दिसत न्हाय. हितं बसा.”