सरायीतला विस्तव

इंग्लंडातल्या त्या लहानशा गावातून सरायीच्या मालकीणबाईंचा निरोप आला. सराय विकली गेली, रविवारी दुपारी शेवटचा दिवस, मग तिथे फ्लॅट होणार. खाली आणखी एक ओळ होती: 'विस्तवही त्याच दिवशी विझेल.' ती वाचून मी इंदुरात, स्नेहलतागंजातल्या आमच्या गॅलरीत नुसता उभा राहिलो. वीसेक वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांना सांगायला आता रविवारपर्यंतचाच वेळ उरला होता.

तेव्हा मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात होतो. नव्या मशीनचं काम शिकायला कारखान्यानं मला चार महिने तिकडे धाडलं आणि राहायची सोय केली एका पबच्या माडीवर. आईला 'पब' कसं सांगणार? धर्मशाळा आहे, म्हणून सांगितलं. पुढे कळलं की मी फारसं खोटं बोललो नव्हतो. घोडागाड्यांच्या काळात तिथे घोडे बदलायचे, वाटसरू मुक्काम करायचे. अंगणाची कमान गाडीच्या टपावर बसलेल्यांची डोकी वाचावीत इतकी उंच, आणि आतली दारं मात्र माझ्यासारख्या बुटक्यालाही वाकायला लावणारी. वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेरच्या पाटीवर हंस रंगवलेला होता.

आत भिंतीतच मोठी चूल होती. तिच्यातला विस्तव मालकीणबाईंच्या पणजोबांपासून विझलेला नाही, असं वरच्या फळीवर कोरलेलं होतं. गावातले म्हातारे यायचे, आधी चुलीत डोकावायचे आणि मग एकमेकांना नमस्कार करायचे. एका ग्लासावर दोन दोन तास काढायचे. मी पिणाऱ्यातला नाही, आणि इंदूरचा असूनही लाजरा. जेवण उरकलं की सरळ माडीवर.

एका रविवारी मालकीणबाईंना आजारी बहिणीकडे जावं लागलं. पब बंद होता. "मधूनमधून एक लाकूड टाका, बस," एवढंच सांगून त्या गेल्या. मी इमानेइतबारे लाकडं टाकली. दुपारी नदीकडे फिरायला जावंसं वाटलं आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे थंडीत आई सिगडी पेटवायची. घराबाहेर पडताना तिचं ठरलेलं असायचं, "जलती सिगडी टाकून जायचं नाही हं. पाणी मार, कोयले पण बचतात." ते काम माझं. त्या दिवशी कोट चढवला, पाण्याचा जग उचलला आणि पेटत्या लाकडांवर व्यवस्थित पाणी शिंपडलं. लाकडं वाचली म्हणून समाधानही वाटलं. वाफेतून वर पाहिलं तर समोर ती फळी. माझं धाबं दणाणलं. ओली लाकडं काही केल्या पेटेनात. शेवटी आईनं पूजेसाठी दिलेला कापूर सगळाच्या सगळा घातला, तेव्हा कुठे जाळ धरला. खिडक्या उघडल्या, राख सारखी केली. संध्याकाळी मालकीणबाई आल्या, चुलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "छान सांभाळलात."

त्या संध्याकाळी मी माडीवर गेलोच नाही. पुन्हा विझला तर, या भीतीनं चुलीपाशी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली, एक स्टूल माझं ठरलं, आणि मला यायला उशीर झाला तर त्यावर कुणी बसेना. मला त्या स्टुलाची फार आठवण येते. इंदुरात गप्पांना तोटा नाही, पण सगळ्या उभ्याउभ्या. माझी जागा धरून ठेवणारं तिथे होतं तसं कुणी पुन्हा भेटलं नाही. आणि ती जागा मला मिळाली होती फसवणुकीतून, ही बोच कायम राहिली.

"अहो, आता बोलून टाका ना," बायको म्हणाली. "आग ही बुझ जाएगी, मग किसको सांगणार?"

रविवारी संध्याकाळी फोन लावला. तिकडे दुपार होती. एका दमात सगळं सांगून टाकलं. मालकीणबाई म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या लाकडांना तसला वास कधी येत नाही. दारातच आला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. पण तुम्ही पहिल्यांदा खाली बसला होतात. बोलले असते तर पुन्हा वर निघून गेला असता."

कोण कोण आलंय, एवढंच मी विचारलं.

"जुन्यातले तिघं. तुमचं स्टूल रिकामं ठेवलंय. शेवटचं लाकूड आत्ताच घातलं." मग त्या हसल्या. "पाणी कुणी शिंपडणार नाही."

त्यांनी फोन त्या स्टुलावर ठेवला. लाकूड तडतडत होतं, म्हातारे हळू आवाजात बोलत होते. मी गॅलरीतली खुर्ची ओढली आणि तडतड थांबेपर्यंत तिथे बसून राहिलो.